पात्रता असणं आणि पात्रता सिद्ध करणं : घाटघरच्या उमेदवारी अर्जापासून राष्ट्रपतींच्या अर्जापर्यंत



नागरिकशास्त्राच्या तासाला आपण विचारतो, "राष्ट्रपती व्हायला वय किती लागतं?" मुलं एका सुरात सांगतात, "३५ वर्षं!" "आणि ग्रामपंचायतीचा सदस्य व्हायला?" "२१ वर्षं!" उत्तर बरोबर येतं आणि आपण पुढच्या मुद्द्याकडे वळतो. पण खरा प्रश्न इथून पुढं सुरू होतो. वय २१ आहे हे कोण तपासणार? कोणत्या कागदावरून तपासणार? तो कागदच नसला तर काय? आणि तपासणी निवडणुकीआधी होणार की निवडून आल्यावर?

आजच्या पाठात आपण हाच भाग समजून घेऊ. हा विषय फक्त वकिलांचा किंवा पुढाऱ्यांचा आहे असं समजू नका. यातले निम्मे कागद आपल्या शाळेतून बाहेर पडतात. ते कसे, ते पुढं येईलच.

१. दोन वेगळ्या गोष्टी

मुलांना आधी दोन शब्द नीट समजावून सांगा.

पात्रता म्हणजे कायद्यानं घातलेली अट माणसात खरोखर असणं. वय पूर्ण असणं, मतदार यादीत नाव असणं, राखीव जागा असेल तर त्या जमातीचं किंवा जातीचं असणं.

पुरावा म्हणजे ती अट पूर्ण होते हे दाखवणारा, अधिकाऱ्याला मान्य होणारा कागद.

एखादी व्यक्ती पूर्ण पात्र असते, पण तिच्याकडे पुरावा नसतो. दुसरी पात्र नसते, पण तिच्याकडे कागद असतो. कायद्याला या दोन्ही गोष्टी सांभाळाव्या लागतात. खोटा माणूस आत शिरू नये आणि खरा माणूस कागदाअभावी बाहेर राहू नये. पुरावा मागणारा कायदा बरा की वाईट, हे या दोन्ही बाजू बघूनच ठरवता येतं.

२. आपण घाटघरला जाऊ

उदाहरण म्हणून घाटघर घेऊ. अकोले तालुक्यातलं, धरणाचं घाटघर नव्हे. आपलं जुन्नर तालुक्यातलं, नाणेघाटाच्या माथ्यावरचं, जीवधनच्या पायथ्याचं. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी समाजाची वस्ती मोठी आहे. ठाकर आणि कातकरी कुटुंबंही आहेत. हा पट्टा अनुसूचित क्षेत्रात मोडतो, म्हणून इथं 'पेसा' लागू आहे.

पेसा हा केंद्राचा १९९६ चा कायदा. अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतीत अनुसूचित जमातींसाठी निम्म्यापेक्षा कमी जागा राखीव ठेवता येत नाहीत आणि अध्यक्षपद, म्हणजे गावाच्या पातळीवर सरपंचपद, त्यांच्यासाठीच राखीव असतं, असं हा कायदा सांगतो. बाहेरून आलेल्या पैसेवाल्यानं गावाचा कारभार हातात घेऊ नये, जंगल-जमिनीचे निर्णय तिथल्याच माणसांनी घ्यावेत, हा त्यामागचा विचार.

आता कल्पना करा, या भागातल्या एका वस्तीवरची एक ताई सरपंचपदासाठी अर्ज भरणार आहे. ती महादेव कोळी आहे. तिचे आजोबा-पणजोबा याच डोंगरात राहिले. गावात कुणाला तिच्याबद्दल शंका नाही. पण निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला गावातली ओळख चालत नाही. त्याला कागद लागतो.

३. अर्जासोबत काय काय सिद्ध करावं लागतं?

ग्रामपंचायतीची निवडणूक 'महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८' या राज्याच्या कायद्यानुसार होते. राज्याला हा अधिकार संविधानानंच दिलाय. पंचायत सदस्य कशामुळं अपात्र ठरेल हे राज्याचं विधिमंडळ कायद्यानं ठरवू शकतं, असं अनुच्छेद २४३फ सांगतं. निवडणूक घेण्याचं काम राज्य निवडणूक आयोगाचं. त्यामुळं ताईला पुढच्या गोष्टी दाखवाव्या लागतात. (यादी पूर्ण नाही, महत्त्वाच्या अटी घेतल्या आहेत.)

• वय : २१ वर्षं पूर्ण.

• मतदार यादी : त्या गावाच्या यादीत नाव.

• शिक्षण : १ जानेवारी १९९५ किंवा त्यानंतर जन्म झालेला असेल तर किमान सातवी उत्तीर्ण. त्याआधी जन्मलेल्यांना ही अट नाही.

• अपत्यं : दोनपेक्षा जास्त हयात अपत्यं नसावीत. पण १२ सप्टेंबर २००१ पर्यंत जन्मलेल्या मुलांमुळं कुणी अपात्र होत नाही. त्यानंतरच्या मुलामुळं संख्या दोनच्या वर गेली तर अडचण.

• शौचालय : राहत्या घरात शौचालय आहे आणि त्याचा नियमित वापर होतो, याचं प्रमाणपत्र.

• थकबाकी : ग्रामपंचायतीच्या कराची मुदत टळलेली बाकी नसावी.

• अतिक्रमण : सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण केलेलं नसावं.

• राखीव जागा असेल तर : जातीचं (इथं जमातीचं) प्रमाणपत्र आणि त्याचं वैधता प्रमाणपत्र.

अपत्यांची आणि शिक्षणाची अट योग्य की अयोग्य यावर देशात खूप वाद झाले. हरियाणाच्या अशाच कायद्यांवर सर्वोच्च न्यायालयात दोन मोठे खटले चालले. २००३ साली दोन अपत्यांची अट आणि २०१५ साली शिक्षण व शौचालयाची अट न्यायालयानं कायम ठेवली. तुम्हाला त्या अटी पटोत न पटोत, पण वर्गात चर्चेला हा विषय चांगला आहे.

यादीतल्या बहुतेक गोष्टी एका फेरीत होतात. ग्रामसेवकाकडून एक दाखला, शाळेतून एक दाखला, एक स्वयंघोषणापत्र. सगळ्यात जड आहे ती शेवटची ओळ.

४. वैधता प्रमाणपत्र म्हणजे काय?

बऱ्याच पालकांचा इथं गोंधळ होतो. 'जातीचा दाखला तर काढलाय, मग परत कसली वैधता?' असं ते विचारतात. फरक असा आहे.

जमातीचं प्रमाणपत्र प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी देतात. पण त्या प्रमाणपत्रातला दावा खरा आहे का, हे तपासणारी वेगळी समिती असते. अनुसूचित जमातींच्या दाव्यांसाठी 'अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समिती'. आपल्या भागासाठी ती पुण्यात आहे. तिचा शिक्का बसला की दाखला 'वैध' होतो. घाटघरच्या माणसाच्या दृष्टीनं बघा : तहसील जुन्नरला, प्रांत मंचरला, समिती पुण्याला. तीन गावं, तीन कार्यालयं, आणि एका कामाला प्रत्येक ठिकाणी एकच खेप पुरते असं नाही.

या तपासणीचा कायदा महाराष्ट्र विधिमंडळानं केला आणि तो २००१ मध्ये लागू झाला. त्यातलं एक कलम फार महत्त्वाचं आहे. दावा सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर आहे. 'मी महादेव कोळी नाही हे तुम्ही सिद्ध करा' असं सरकारला म्हणता येत नाही. 'मी महादेव कोळी आहे' हे मलाच दाखवावं लागतं. खोटा दाखला काढणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा होऊ शकते.

अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० ही तारीख पाठ करून ठेवा. राष्ट्रपतींनी जमातींची यादी त्या दिवशी जाहीर केली. म्हणून त्या तारखेच्या आधीचे कागद सगळ्यात वजनदार मानले जातात. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची जुनी नोंद (कोतवाल बुकाची नक्कल), महसुली नोंदी. वडिलांकडच्या सख्ख्या नातेवाइकाला आधीच वैधता मिळाली असेल तर तोही मोठा पुरावा.

आता विचार करा. १९५० च्या आधी डोंगरातल्या किती वाड्यांवर शाळा होती? किती पोरं शाळेत गेली? ज्यांचे आजोबा गुरं राखत होते, त्यांच्या घरात १९४५ चा शाळेचा दाखला कुठून येणार?

५. मग एवढी कडक तपासणी हवी कशाला?

या प्रश्नाला खरं उत्तर आहे, आणि ते घाटघरच्याच बाजूचं आहे.

महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत 'कोळी महादेव, डोंगर कोळी' अशी नोंद आहे. 'कोळी' असा मोकळा शब्द त्या यादीत नाही. कोळी म्हणवणारे समाज राज्यात अनेक आहेत आणि ते सगळे अनुसूचित जमातीत येत नाहीत. पूर्वी जमातींच्या सवलतींना ठरावीक क्षेत्राची मर्यादा होती. १९७६ च्या दुरुस्तीनं ती काढली गेली आणि नावातल्या सारखेपणाचा आधार घेऊन दावे करायला मोकळी वाट मिळाली. वैद्यकीय प्रवेश, नोकऱ्या, राखीव मतदारसंघ, सगळीकडे. डोंगरातल्या पोरासाठी ठेवलेली जागा शहरातला कुणीतरी घेऊन जाई आणि पोराला कळतही नसे.

सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ चा 'माधुरी पाटील' खटला म्हणून प्रसिद्ध असलेला निकाल याच जमातीच्या दाव्यावरचा आहे. दावा 'महादेव कोळी' असल्याचा होता, पण वडिलांच्या जुन्या शालेय नोंदीत 'हिंदू कोळी' असं लिहिलेलं होतं. दावा फेटाळला गेला. त्याच निकालात न्यायालयानं देशभरासाठी तपासणीची पद्धत घालून दिली : समिती, तिच्या मदतीला दक्षता पथक, घरी आणि शाळेत जाऊन चौकशी, दावेदाराला म्हणणं मांडायची संधी. आपल्या राज्याचा पुढचा कायदा याच वाटेनं आला.

म्हणजे बघा, कडक तपासणी ही मुळात घाटघरच्या माणसाच्या रक्षणासाठी आली. आणि आज तिचा भार सगळ्यात जास्त जाणवतो तोही घाटघरच्याच माणसाला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. 'कायदा चांगला' किंवा 'कायदा वाईट' असं एका शब्दात सांगून मुलांना मोकळं करू नका.

दक्षता पथक पूर्वी 'आप्तभाव' पाहण्यावर फार भर देई. म्हणजे कुळ, देव, लग्नाच्या चालीरीती, बोली यांची माहिती विचारायची आणि ती जमातीच्या ठरलेल्या वर्णनाशी जुळते का ते बघायचं. पण आजची पोरं नारायणगावला, पुण्याला शिकतात, जुन्या रीती बदलतात. ठाकूर जमातीच्या संघटनेनं नेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०२३ ला स्पष्ट केलं की आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी नव्हे, आणि संविधानापूर्वीच्या कागदांना सर्वाधिक महत्त्व आहे. ज्यांच्याकडे जुने कागद आहेत त्यांना यानं दिलासा मिळाला. ज्यांच्याकडे नाहीत त्यांची अडचण मात्र राहिलीच.

६. निवडून आल्यावर पद जातं तेव्हा

राखीव जागेवर अर्ज भरताना वैधता प्रमाणपत्र जोडलं पाहिजे, असा नियम. पण ते हातात नसेल तर कायद्यानं एक वाट ठेवली. अर्ज भरण्याआधी समितीकडे प्रस्ताव दाखल केल्याचा पुरावा द्यायचा आणि 'निवडून आल्यावर मुदतीत वैधता सादर करीन' असं हमीपत्र द्यायचं. ही मुदत आधी सहा महिने होती. मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर निवड रद्द होते, तीसुद्धा मागच्या तारखेपासून, जणू ती झालीच नव्हती.

इथं मोठा प्रश्न उभा राहिला. समजा ताईनं सगळे कागद वेळेत दिले, पण समितीकडे प्रकरणांचा ढीग आहे आणि तिचा निर्णय आठव्या महिन्यात आला. निर्णय तिच्या बाजूनंच आहे. ती खरोखर महादेव कोळी आहे. तरी पद जाणार का?

मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं २०१६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१८ मध्ये सांगितलं : हो, जाणार. मुदत बंधनकारक आहे. उशीर कुणामुळं झाला यानं फरक पडत नाही. त्यानंतर विधिमंडळानं कायदा दुरुस्त करून मुदत बारा महिन्यांची केली.

हे मुलांना जरूर सांगा, कारण यात एक मोठा धडा आहे. न्यायालयानं कायदा जसा लिहिलाय तसा वाचला. तो लोकांना जाचक वाटला, तेव्हा बदलायचं काम न्यायालयानं नाही, निवडून दिलेल्या विधिमंडळानं केलं. पुस्तकातलं 'विधिमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ' हे यापेक्षा सोप्या उदाहरणानं शिकवता येणार नाही.

आणखी एक गोष्ट. अर्जाची छाननी करणारा अधिकारी जात ठरवत नाही. तो फक्त कागद आहे की नाही हे बघतो. जात ठरवते समिती. निवडणुकीबद्दल तक्रार असेल तर निकालापासून पंधरा दिवसांत दिवाणी न्यायालयात अर्ज करायचा. अपत्यं किंवा अतिक्रमण यांसारख्या अपात्रतेचा प्रश्न नंतर उठला तर निर्णय जिल्हाधिकारी देतात. प्रत्येक प्रश्नाचं दार वेगळं आहे. एकाच माणसाच्या हातात सगळं दिलेलं नाही. हे का महत्त्वाचं आहे, ते अमेरिकेच्या उदाहरणात दिसेल.

७. राष्ट्रपतींना कोणता कागद लागतो?

आता गावातून थेट दिल्लीला जाऊ. संविधानाच्या अनुच्छेद ५८ प्रमाणे राष्ट्रपतिपदाचा उमेदवार भारताचा नागरिक हवा, ३५ वर्षं पूर्ण हवीत, लोकसभेवर निवडून यायला पात्र हवा आणि लाभाचं पद धारण करणारा नसावा.

पुरावा म्हणून काय लागतं? राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती निवडणूक कायदा १९५२ चा आहे. त्यानुसार उमेदवाराचं नाव ज्या लोकसभा मतदारसंघाच्या यादीत आहे, तिथल्या नोंदीची प्रमाणित प्रत अर्जासोबत जोडावी लागते. शिवाय ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात, तेही मतदानाचा अधिकार असलेले खासदार-आमदारच, आणि १५,००० रुपये अनामत. जन्माचा दाखला जोडलाच पाहिजे असं हा कायदा म्हणत नाही. २००७ साली आपल्या जळगाव जिल्ह्याच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या, त्यांनाही हीच रीत होती.

पूर्वी सूचकांची ही अट नव्हती, त्यामुळं हौशी उमेदवार फार होत. १९६७ ला १७ उमेदवार रिंगणात होते आणि त्यातल्या नऊ जणांना एकही मत पडलं नाही. १९७४ मध्ये १० सूचक आणि १० अनुमोदकांची अट आली. १९७७ ला ३७ जणांनी अर्ज भरले, छाननीत ३६ बाद झाले आणि नीलम संजीव रेड्डी बिनविरोध निवडून आले. १९९७ मध्ये आकडा ५०-५० झाला.

इथं राज्याच्या कायद्याला काहीही जागा नाही. महाराष्ट्र सरकार उद्या म्हणालं की 'राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारानं आमच्याकडे अमुक दाखला द्यावा', तर ते चालणार नाही. सगळा देश एकाच कायद्यानं चालतो, निवडणूक निर्णय अधिकारी एकच असतो आणि वाद झाला तर तो थेट सर्वोच्च न्यायालयात जातो.

वर्गात फळ्यावर दोन रकाने आखा. एकीकडे घाटघरची सरपंचपदाची उमेदवार, दुसरीकडे राष्ट्रपतिपदाचा उमेदवार. कुणाला किती कागद लागतात ते मुलांनाच मोजायला सांगा. देशाच्या पहिल्या नागरिकापेक्षा गावच्या ताईची यादी लांब निघते. का, हे मुलांनाच विचारा. एक उत्तर असं की राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराची खातरी शंभर खासदार-आमदार सही करून देतात. ताईच्या शेजाऱ्यांच्या सहीला ते वजन नाही.

८. अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या वाटेनं आला

अमेरिकेच्या संविधानात अध्यक्षासाठी तीन अटी आहेत : जन्मानं नागरिक, ३५ वर्षं वय आणि देशात १४ वर्षं वास्तव्य. पण तिथं निवडणूक घेणारा एक केंद्रीय आयोग नाही. मतपत्रिका प्रत्येक राज्य आपापली छापतं, म्हणून मतपत्रिकेवर नाव यायचे नियमही राज्यागणिक वेगळे.

बराक ओबामा यांचा जन्म १९६१ चा, हवाई राज्यातला. पण ते अमेरिकेत जन्मलेच नाहीत अशी खोटी अफवा पसरवली गेली आणि काही राज्यांत उमेदवारानं जन्माचा पुरावा द्यावा अशी विधेयकं आली. २०११ मध्ये ॲरिझोनाच्या विधिमंडळानं असं विधेयक मंजूरही केलं. तिथल्या राज्यपाल जॅन ब्रुअर ओबामांच्या विरोधी पक्षाच्या होत्या, तरी त्यांनी १८ एप्रिल २०११ ला ते नाकारलं. त्यांचं म्हणणं होतं की कोण उभं राहील हे ठरवणारा दारावरचा पहारेकरी एकाच अधिकाऱ्याला केलं, तर मनमानी किंवा राजकीय हेतूनं निर्णय होतील. त्यानंतर नऊ दिवसांनी ओबामांचा सविस्तर जन्मदाखला प्रसिद्ध झाला.

याचा अर्थ तिथं राज्यं काहीच बघत नाहीत असा नाही. २०१२ मध्ये पेटा लिंडसे या २७ वर्षांच्या उमेदवाराचं नाव कॅलिफोर्नियानं मतपत्रिकेवर घेतलं नाही. तिचं वय तिलाच मान्य होतं, वाद नव्हता, आणि २०१४ मध्ये अपील न्यायालयानं राज्याची बाजू योग्य ठरवली. पण २०२४ मध्ये वेगळं घडलं. उठावात सहभागी झालेल्यांना पद धारण करण्यास बंदी घालणारं एक कलम अमेरिकेच्या संविधानात आहे. त्याचा आधार घेऊन कोलोरॅडोच्या न्यायालयानं डोनाल्ड ट्रम्प यांचं नाव वगळायला सांगितलं होतं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ४ मार्च २०२४ ला सांगितलं की हे कलम केंद्रीय पदाच्या उमेदवाराविरुद्ध एकेकट्या राज्याला वापरता येणार नाही.

म्हणजे प्रश्न तेच : पुरावा कोण मागणार, कुणाकडे, आणि शेवटचा शब्द कुणाचा? आणि अजून एक बारीक गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्या. पुरावा सगळ्यांकडे मागितला तर तो नियम असतो. एखाद्याच्या रंगाकडे किंवा नावाकडे बघून त्याच्याकडेच मागितला तर ती शंका असते.

९. आता आपल्या शाळेकडे

सुरुवातीला म्हटलं होतं की निम्मे कागद आपल्या शाळेतून जातात. परत यादी बघा. वयाचा पुरावा : शाळा सोडल्याचा दाखला. सातवी पास : शाळेचा दाखला. जमातीचा पुरावा : शाळेचं जनरल रजिस्टर. आज पहिलीत दाखल होणारी मुलगी २०४५ साली सरपंचपदासाठी उभी राहिली, तर तिचा पहिला साक्षीदार तुमचं आजचं अक्षर असणार आहे. तिच्या नातवंडांच्या वेळीही तेच रजिस्टर उघडलं जाईल.

म्हणून दाखलपात्र मुलांची नोंद करताना पुढचं पाळा.

• जातीच्या रकान्यात नुसतं 'कोळी' किंवा 'हिंदू कोळी' असं अंदाजानं लिहू नका. पालकांकडे असलेला दाखला बघा आणि त्यातला शब्द जसाच्या तसा उतरवा. 'ठाकर' की 'ठाकूर', तेही दाखल्यावरूनच.

• आडनाव, वडिलांचं नाव, जन्मगाव पूर्ण लिहा. आजोबांच्या आणि नातवाच्या कागदात आडनाव वेगळं असलं तर वंशावळ जोडताना फार त्रास होतो.

• रजिस्टरमध्ये खाडाखोड करू नका. चूक झाली तर रीतसर परवानगी घेऊनच दुरुस्ती करायची. मुख्याध्यापकांनाही स्वतःच्या अधिकारात जात बदलता येत नाही. आणि कुणी कितीही ओळखीचा असला तरी नसलेली नोंद लिहून द्यायची नाही. ती चोरी दुसऱ्या एखाद्या वाडीवरच्या पोराची जागा पळवते.

• जुनी रजिस्टरं वाळवीपासून, पावसापासून जपा. घाटमाथ्यावरच्या पावसात कागद टिकवणं सोपं नाही, पण १९५० च्या आधीचं एखादं रजिस्टर शाळेत असेल तर ते शाळेतल्या कुठल्याही वस्तूपेक्षा मोलाचं आहे.

पालकांनो, तुमच्यासाठीही दोन गोष्टी. मूल शाळेत घालताना दाखल्यावरच्या नोंदी स्वतः वाचा किंवा कुणाकडून वाचून घ्या, आणि चूक दिसली तर मूल शाळेत असेपर्यंतच दुरुस्त करून घ्या, नंतर ते फार अवघड होतं. दुसरं, वैधता प्रमाणपत्र निवडणूक किंवा कॉलेजचा प्रवेश तोंडावर आल्यावर काढायची गोष्ट नाही. घरातल्या एकाची वैधता झाली की बाकीच्यांची वाट सोपी होते. आजोबांचे कागद शोधायला उन्हाळ्याची सुट्टी चांगली.

१०. वर्गात करून बघा : छाननीचा तास

सहावी ते आठवीच्या मुलांसाठी हा उपक्रम घेता येईल. तीन मुलं निवडणूक निर्णय अधिकारी, बाकीची उमेदवार आणि आक्षेप घेणारी. पुढचे अर्ज चिठ्ठ्यांवर लिहून द्या.

अर्ज १ : अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी वय २० वर्षं ११ महिने. (नामंजूर. महिनाभरानं २१ होणार, तरी नाही.)

अर्ज २ : जन्म १९८५, कधी शाळेत गेलेली नाही. (शिक्षणाच्या अटीवर अर्ज अडत नाही.)

अर्ज ३ : जन्म १९९८, शिक्षण पाचवी. (नामंजूर.)

अर्ज ४ : तीन मुलं, जन्म १९९४, १९९७ आणि २०००. (अपत्यांमुळं अपात्र नाही. चौथं २००४ ला झालं असतं तर?)

अर्ज ५ : राखीव जागा. जमातीचं प्रमाणपत्र आहे, वैधता नाही, पण समितीची पोच आणि हमीपत्र जोडलंय. (मंजूर. पण पुढं काय होऊ शकतं ते मुलांना सांगू द्या.)

अर्ज ६ : राखीव जागा. उमेदवाराकडे प्रमाणपत्र आणि वैधता दोन्ही आहेत. एकानं आक्षेप घेतला की 'याच्या शाळेच्या दाखल्यावर नुसतं कोळी लिहिलंय'. (छाननी अधिकाऱ्यानं इथं जात ठरवायची नाही. वैधता समोर आहे, अर्ज मंजूर.)

शेवटी तीन प्रश्न चर्चेला ठेवा.

१) पात्र माणसाला कागदाअभावी नाकारणं आणि अपात्र माणसाला खोट्या कागदावर स्वीकारणं, यातली कोणती चूक मोठी? गावाच्या दृष्टीनं आणि त्या माणसाच्या दृष्टीनं उत्तर वेगळं येतं का?

२) समितीकडून उशीर झाला तर त्याची शिक्षा उमेदवाराला व्हावी का? तुम्ही आमदार असता तर कायदा कसा लिहिला असता?

३) ज्यांच्या घरात १९५० च्या आधी कुणीच शाळेत गेलं नाही, त्यांच्यासाठी कोणता पुरावा चालावा?

तिसऱ्या प्रश्नावर मुलांना घाई करू नका. घरी जाऊन आजी-आजोबांना विचारून यायला सांगा : तुमचं नाव कुठं कुठं लिहिलेलं आहे? कुणी सातबाऱ्यावर सांगेल, कुणी रेशन कार्डावर, कुणी मतदार यादीत. काही आजी सांगतील, कुठंच नाही. ती उत्तरं फळ्यावर लिहा आणि मग दुसऱ्या प्रश्नातला कायदा मुलांना परत एकदा लिहायला सांगा.